बीपीसी-१५७ की सेमॅक्स? दोन्ही पेप्टाइड हाताळून झाल्यावरचं माझं मत

आधी निकाल सांगते, म्हणजे घाईत असणाऱ्यांना पुढचं सगळं वाचत बसायला नको. लॅबमध्ये वापरायचा माल म्हणून बीपीसी-१५७ ला माझ्याकडून पाचपैकी चार, सेमॅक्सला साडेतीन, अर्धा का कापला ते पुढे येईलच. पण हीच दोन पेप्टाइड, म्हणजे अमिनो ॲसिडच्या (ज्यांची प्रोटीन बनतात त्या कणांच्या) छोट्या साखळ्या, ऑनलाइन 'फक्त संशोधनासाठी' असं लेबल लावून मिळतात आणि लोक ती घरी आणून टोचून घेतात किंवा नाकात घालतात, त्या बाटलीला मी मार्कच देत नाही. त्या बाटलीत काय आहे हे बहुतेक वेळा विकणाऱ्यालाही माहीत नसतं, आणि बाटलीत काय आहे हे शोधणं हेच माझं रोजचं काम आहे म्हणून एवढं ठामपणे बोलतेय.

मी मूळची साताऱ्याची, नोकरी हैदराबादला, जीनोम व्हॅलीकडच्या एका टेस्टिंग लॅबमध्ये. पेप्टाइडची शुद्धता बघायची, मास म्हणजे रेणूचं वजन बघायचं, टेस्टची पद्धत बसवायची आणि रिपोर्ट लिहायचा. मध्यंतरी एका प्रोजेक्टसाठी आमच्याकडे छोटी पेप्टाइड वेगवेगळ्या सप्लायरकडून मागवली होती, त्यात ही दोन्ही होती. आणि गंमत म्हणजे त्याच सुमारास घरून दोन फोन आले, एक कोल्हापूरहून भाच्याचा, एक काकूंचा. भाचा पोलीस भरतीची तयारी करतोय, १६०० मीटर धावायचं, १०० मीटर, गोळाफेक, आणि धावून धावून टाचेच्या मागची शीर धरलीय. जिममधल्या कुणीतरी सांगितलं बीपीसी घे, आठवड्यात मोकळा होशील. त्याने थेट बाटलीचा फोटो पाठवला आणि खाली लिहिलं, 'मावशी, हे घेऊ काय?' काकूंचं वेगळंच. काकांना पॅरालिसिसचा झटका येऊन गेलाय, उजवा हात अजून नीट उचलत नाही, शब्द आठवत नाहीत, आणि शेजारच्यांच्या परदेशात असलेल्या मुलाने सांगितलं की रशियात नाकात घालायचे थेंब मिळतात, सेमॅक्स नावाचे, मेंदूला चालना देतात. दोघांनाही फोनवर सांगून संपेना म्हणून म्हटलं एकदा नीट लिहूनच काढू, बाकीच्यांच्याही उपयोगाला येईल.

पहिली गोष्ट, ही दोन एकमेकांची स्पर्धक नाहीतच. एकाचं काम, म्हणजे दावा, जखम भरून आणणं, आतडं, स्नायू, शीर. दुसऱ्याचा दावा मेंदूसाठी. त्यामुळे 'दोन्हीतलं भारी कुठलं' ह्याला उत्तर नाही. तरी शेजारी शेजारी ठेवून बघायचं एक कारण आहे. दोघांची जन्मकथा इतकी वेगळी आहे की एका रेणूचं औषध कसं होतं आणि एकाचं का होत नाही, हे ह्या जोडीत जितकं स्पष्ट दिसतं तितकं दुसरीकडे क्वचित दिसतं.

बीपीसी-१५७ आलं क्रोएशियातून, झाग्रेब विद्यापीठातून. तिथले प्रेद्राग सिकिरिच आणि त्यांचा गट १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून ह्याच्यावर काम करतोय. १५ अमिनो ॲसिडची साखळी, आणि माणसाच्या जठररसातल्या एका प्रोटीनचा हा तुकडा आहे असं ते सांगतात. त्यांनी उंदरांवर केलेलं काम खरंच भरपूर आहे. अकिलीस टेंडन, म्हणजे टाचेच्या मागची तीच शीर, कापून बघितलंय, स्नायू, लिगामेंट, अल्सर, आतड्याची सूज, सगळ्यावर पेपर आहेत, आणि बहुतेक पेपरमध्ये पेप्टाइड दिलेले उंदीर लवकर बरे होतात. तैवानमधल्या चांग गुंग विद्यापीठाच्या गटाने २०११ मध्ये उंदराच्या टेंडनमधल्या पेशी घेऊन दाखवलं की ह्या पेप्टाइडने पेशी जास्त वेगाने सरकतात आणि तग धरतात. हे मला महत्त्वाचं वाटतं कारण ते झाग्रेबच्या बाहेरचं आहे. बाकी मात्र ढीगभर पेपरपैकी बहुतांश एकाच गटाचे, आणि विज्ञानात एकाच घरातून आलेला पुरावा कितीही असला तरी तो दुसऱ्या घरात जाऊन टिकावा लागतो.

आणि माणसांवर? इथे माझं मन खट्टू होतं. तीस वर्षं झाली तरी हाताच्या बोटांवर मोजण्याइतकं काम. २०१५ मध्ये एका पहिल्या टप्प्याच्या चाचणीची नोंद झाली, ४२ निरोगी लोक, निकाल आजपर्यंत छापून आलेला नाही. गुडघेदुखीच्या काही पेशंटना इंजेक्शन देऊन नंतर विचारपूस केलेला एक छोटा अहवाल २०२१ चा, त्यात तुलनेसाठी दुसरा गट नाही. मूत्राशयाच्या दुखण्यावर १२ बायकांचा एक अहवाल २०२४ चा. आणि दोन जणांना थेट रक्तात, सलाइनसारखं देऊन सुरक्षितता बघितलेला एक, २०२५ चा. एका कंपनीच्या चाचणीचं खाली येईल, ती सोडली तर संपलं. भाच्याच्या टाचेसारख्या टाचेवर, म्हणजे धावणाऱ्या माणसाच्या टेंडनवर, अर्ध्यांना पेप्टाइड आणि अर्ध्यांना साधं पाणी देऊन, कोणाला काय दिलं ते झाकून ठेवून केलेली एकही चाचणी नाही. उंदराचा टेंडन कात्रीने कापलेला असतो, निरोगी उंदीर, स्वच्छ जखम. भाच्याचा टेंडन महिनोन्‌महिने कडक रस्त्यावर धावून झिजलाय. ही दोन दुखणी एक नाहीत हो.

झाग्रेबवरून एक आठवलं, ते सांगितल्याशिवाय राहवत नाही. आपल्याकडे घसा धरला की डॉक्टर तीन गोळ्यांची ती छोटी स्ट्रिप लिहून देतात ना, ॲझिथ्रोमायसिन, ते सुद्धा झाग्रेबचंच. तिथल्या प्लिव्हा कंपनीच्या लोकांनी १९८० मध्ये तयार केलेलं. आणि ह्याच प्लिव्हाने बीपीसी-१५७ सुद्धा हातात घेतलं होतं, पीएल १४७३६ ह्या नावाने, आतड्याच्या अल्सरेटिव्ह कोलायटिससाठी, एनिमाच्या रूपात, दुसऱ्या टप्प्याच्या चाचणीपर्यंत नेलं. म्हणजे एकाच गावातली, एकाच कंपनीच्या हातातून गेलेली दोन रसायनं, एक सगळ्या परीक्षा देऊन साताऱ्याच्या मेडिकलपर्यंत पोचलं आणि दुसरं औषध झालंच नाही. ज्याला कोणी 'मोठ्या कंपन्या स्वस्त पेप्टाइड दाबून टाकतात' असं सांगत असेल त्याने हे लक्षात घ्यावं. ह्याला कंपनी मिळाली होती.

आता सेमॅक्स. हे मॉस्कोचं. सोव्हिएत काळात, १९८० च्या दशकात, तिथल्या विज्ञान अकादमीच्या मॉलिक्युलर जेनेटिक्स इन्स्टिट्यूटमध्ये निकोलाय म्यासोयेदोव्ह आणि सहकाऱ्यांनी घडवलेलं. त्याच्या मागची कल्पना मला फार आवडते. आपल्या पिट्युटरी ग्रंथीतून एसीटीएच नावाचं हार्मोन येतं, ३९ अमिनो ॲसिडचं, जे ॲड्रिनल ग्रंथीला कॉर्टिसॉल बनवायला सांगतं. हॉलंडमध्ये डेव्हिड डी वीड ह्यांनी आधीच दाखवलं होतं की ह्या हार्मोनचा चार ते दहा नंबरचा एवढासा तुकडा प्राण्यांच्या शिकण्यावर आणि लक्षात ठेवण्यावर परिणाम करतो, आणि कॉर्टिसॉलचं काम मात्र करत नाही. अडचण एवढीच की शरीरातली एन्झाइम तो तुकडा मिनिटांत कुरतडून टाकतात. मॉस्कोवाल्यांनी त्यातली पहिली चार, मेथिओनिन, ग्लुटामिक ॲसिड, हिस्टिडिन, फेनिलॲलानिन, ठेवली आणि शेपटीला प्रोलिन-ग्लायसिन-प्रोलिन जोडलं. प्रोलिन वाकडं असतं, एन्झाइमला ते सहज तोडता येत नाही. सात अमिनो ॲसिडचं काम, पण विचार करून केलेलं.

आणि ह्यांनी ते माणसांपर्यंत नेलं. गुसेव आणि स्कव्होर्त्सोवा ह्या न्यूरोलॉजिस्ट मंडळींनी १९९० च्या दशकात स्ट्रोकच्या पेशंटवर वापरून अहवाल दिले (ह्याच वेरोनिका स्कव्होर्त्सोवा पुढे २०१२ मध्ये रशियाच्या आरोग्यमंत्री झाल्या). आज तिथे सेमॅक्स हे नोंदणी झालेलं औषध आहे, ०.१ टक्का आणि १ टक्का अशा दोन ताकदींचे नाकाचे थेंब, १ टक्का वालं रक्त अडून झालेल्या ताज्या स्ट्रोकसाठी, आणि देशाच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीतही आहे. उंदरांच्या मेंदूत बीडीएनएफ नावाचं पेशी टिकवणारं प्रोटीन त्याने वाढतं हेही दाखवलंय.

म्हणजे सेमॅक्स जिंकलं का? पुराव्याच्या बाबतीत बीपीसीच्या पुष्कळ पुढे, हे मी मान्य करते. पण तिथेही हात राखूनच बोलावं लागतं. स्ट्रोकच्या ज्या चाचण्या आहेत त्या लहान आहेत, बऱ्याच रशियन भाषेत आहेत, आणि आज कुठल्याही देशाचं औषध खातं ज्या आकाराची, झाकून केलेली चाचणी मागेल तसली रशियाबाहेर कोणी केलेली नाही. युरोप-अमेरिकेत मान्यता नाही. भारतातही मान्य औषधांत नाही. आणि काकूंसाठी सगळ्यात महत्त्वाचं, तो १ टक्क्याचा वापर झटका आल्याच्या पहिल्या दिवसांसाठी आहे, दवाखान्यात, बाकीच्या उपचारांसोबत. काकांना झटका येऊन महिने झाले. ताज्या स्ट्रोकमध्ये वेळ किती महत्त्वाची असते हे ज्याच्या घरात झालंय त्याला सांगायला नको, गुठळी विरघळवायचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देतात, त्यानंतर फायद्यापेक्षा रक्तस्रावाचा धोका मोठा. पहिल्या तासांत जे चालतं ते सहा महिन्यांनी चालेलच असं नाही, आणि काका रक्त पातळ करायची गोळी, बीपीची गोळी घेतात, त्यावर परदेशातून आलेले थेंब कोणाला न विचारता सुरू करणं मला अजिबात पटत नाही.

आता माझ्या टेबलावरची गोष्ट, कारण शेवटी मी ह्यांची गिऱ्हाईक म्हणून रिव्ह्यू लिहितेय.

दोन्ही पेप्टाइड येतात पांढऱ्या, हलक्या, कापसासारख्या पावडरीच्या रूपात, फ्रीझ-ड्राय केलेली, छोट्या काचेच्या व्हायलमध्ये. दोन्ही पाण्यात पटकन विरघळतात, ह्या बाबतीत काही तक्रार नाही. बनवायची पद्धतही दोघांची तीच, ब्रूस मेरिफील्ड ह्यांनी १९६३ मध्ये मांडलेली, प्लास्टिकच्या बारीक मण्यांवर एकेक अमिनो ॲसिड ओवत जायचं, ज्यासाठी त्यांना १९८४ चं केमिस्ट्रीचं नोबेल मिळालं. ओवताना एखादं अमिनो ॲसिड सुटलं की चुकीची माळ तयार होते आणि ती खऱ्या माळेत मिसळून राहते, आमचं सगळं काम ती वेगळी ओळखायचं.

बीपीसीमध्ये ओळीने तीन प्रोलिन आहेत आणि प्रोलिनला प्रोलिन जोडणं जरा हट्टी काम, त्यामुळे एक प्रोलिन गळलेली साखळी मिळणं अगदी शक्य असतं. मासमध्ये ती लगेच दिसते, मूळ वजन १४१९ च्या आसपास आणि हिचं ९७ ने कमी. आम्ही मागवलेल्या एका सप्लायरच्या मालात ती होती, दुसऱ्याच्या मालात जवळजवळ नव्हती. एचपीएलसीवर, म्हणजे मिश्रणातले घटक वेगळे करून आलेखात दाखवणाऱ्या मशीनवर, सुरुवातीला बीपीसीचा पीक (आलेखातला उंचवटा) रुंद आणि खांदा आल्यासारखा यायचा, प्रोलिन जास्त असली की साखळी दोन आकारांत अडकते आणि हळूहळू इकडून तिकडे होते म्हणून, कॉलमचं, म्हणजे सॅम्पल ज्या नळीतून जातं तिचं, तापमान वाढवलं की पीक सुरेख एकसंध. पण एकदा पद्धत बसली की हे पेप्टाइड खूप गुणी आहे. त्यात मेथिओनिन नाही, सिस्टीन नाही, ट्रिप्टोफॅन नाही, म्हणजे हवेने बिघडणारं काही नाहीच. पाण्यात विरघळवून फ्रिजमध्ये ठेवलेलं सॅम्पल परत चालवलं तरी तसंच. म्हणून चार मार्क.

सेमॅक्सचा अर्धा मार्क कापला तो मेथिओनिनसाठी. साखळीच्या अगदी टोकालाच मेथिओनिन आहे आणि त्यातलं सल्फर ऑक्सिजन पकडायला टपलेलं असतं. वजन ८१४ च्या जवळ, ऑक्सिडाइझ झालं की बरोबर १६ ने वाढतं आणि मुख्य पीकच्या आधी एक छोटा पीक उगवतो. नवीन व्हायल उघडली, विरघळवली, सॅम्पल बाहेर टेबलावर राहिलं की तो पीक वाढत जाताना डोळ्याने दिसतो. लॅबमध्ये ह्याचा बंदोबस्त करता येतो, पाण्यातली हवा काढायची, छोटे भाग करून गोठवायचे, एकच बाटली पुन्हा पुन्हा उघडायची नाही. पण घरी? नाकाच्या स्प्रेच्या बाटलीत भरून बाथरूमच्या कपाटात ठेवलेलं सेमॅक्स, दर वेळी दाबलं की आत हवा, त्यात काही आठवड्यांनी सेमॅक्स किती उरलं आणि ऑक्सिडाइझ झालेलं किती, कोण बघणार.

अजून एक गोष्ट जी बहुतेक खरेदी करणाऱ्यांना माहीत नसते आणि जिच्यामुळे मला खरंच तळमळ वाटते. बाटलीवर लिहिलेलं असतं ५ मिलिग्रॅम, शुद्धता ९९ टक्के. लोकांना वाटतं आत ४.९५ मिलिग्रॅम पेप्टाइड आहे. तसं नसतं. ती ९९ टक्के म्हणजे मशीनवर दिसलेल्या सगळ्या पीकांपैकी मुख्य पीकचा वाटा. पावडरीत मीठ असतं, पाणी असतं, ते त्या मोजणीत दिसतच नाही. पेप्टाइड शुद्ध करताना ट्रायफ्लुओरोॲसिटिक ॲसिड वापरतात, टीएफए, आणि ते साखळीच्या प्रत्येक बेसिक, म्हणजे ॲसिड धरून ठेवणाऱ्या, टोकाला चिकटून बसतं. सेमॅक्सला अशी दोन टोकं, बीपीसीलाही दोनच. टीएफएचं वजन ११४. हिशोब करा, सेमॅक्सच्या ८१४ वर २२८ टीएफए म्हणजे पावडरीचा साधारण २२ टक्के भाग हा टीएफएच, बीपीसी मोठं असल्याने त्यात साधारण १४ टक्के. वर थोडं पाणी. म्हणजे सेमॅक्सच्या ५ मिलिग्रॅमच्या बाटलीत खरं पेप्टाइड चारच्या आतच, आणि लेबल मात्र दोघांचं सारखं. चांगला सप्लायर 'नेट पेप्टाइड कंटेंट' वेगळा लिहून देतो आणि विचारलं तर टीएफए काढून ॲसिटेट सॉल्ट करून देतो, कारण पेशींच्या प्रयोगात टीएफए स्वतःच गडबड करतं. आमच्याकडच्या एका सप्लायरने दोन्ही आकडे न मागता दिले होते, एकाने तीन मेल केल्यावर दिले. मार्क देताना मी हेही धरलंय.

भाच्याने जी बाटली फोटोत दाखवली होती तिच्यावर कंपनीचा पत्ता नव्हता, बॅच नंबर पेनाने लिहिल्यासारखा. मी म्हटलं विकणाऱ्याकडून सर्टिफिकेट माग. आलं, एकदम झकास पीडीएफ, लोगो, सही, ९९.३ टक्के, सुईसारखा उभा एकच पीक. मी डिटेक्टरची वेव्हलेंथ, म्हणजे कुठल्या प्रकाशात बघितलं ते, बघितली तर २८० नॅनोमीटर लिहिलेली. आता ज्यांना ह्यातलं माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते, २८० ला पेप्टाइड दिसतं ते त्यातल्या टायरोसिन आणि ट्रिप्टोफॅन ह्या अमिनो ॲसिडमुळे. बीपीसी-१५७ च्या पंधरामध्ये ह्यातलं एकही नाही. ते बघायला २१४-२२० च्या आसपास जावं लागतं. म्हणजे २८० ला चालवलं तर बीपीसीचा असा उंच पीक येऊच शकत नाही, सपाट रेघ यायला हवी. एक तर तो आलेख दुसऱ्याच कशाचा तरी होता किंवा आकडे कोणीतरी मनाने टाकले होते. विकणारा माणूस मुद्दाम फसवत असेल असंही मी म्हणत नाही, त्यालाही वरून कोणीतरी तेच पीडीएफ पाठवलं असेल आणि तो विश्वासाने पुढे ढकलत असेल. पण एकोणीस वर्षांचं पोरगं ते वाचून सुई टोचून घेणार होतं.

आणि समजा पीडीएफ खरं असतं, तरी एचपीएलसीला जे दिसत नाही ते राहतंच. बॅक्टेरिया मेले तरी त्यांच्या कवचाचे तुकडे, एंडोटॉक्सिन, पावडरीत राहू शकतात, आणि टोचल्यावर थंडी वाजून ताप येणं, बीपी घसरणं हे त्यानेच होतं. त्याची टेस्ट वेगळी, एलएएल म्हणतात, हॉर्सशू क्रॅब नावाच्या समुद्री प्राण्याच्या निळ्या रक्तापासून केलेली. निर्जंतुक आहे का ती अजून वेगळी, चौदा दिवस कल्चर ठेवून बघायची. इंजेक्शनचं औषध बनवणाऱ्या कारखान्याला प्रत्येक बॅचला हे करावंच लागतं. 'फक्त संशोधनासाठी' वाल्याला नाही, कारण त्याने कागदोपत्री सांगूनच टाकलंय की हे माणसासाठी नाही. आम्ही जो माल घेतला त्यालाही ह्यातली एकही टेस्ट नव्हती, आणि आम्हाला ती लागतही नव्हती, आमचं पेप्टाइड मशीनमध्ये जाणार होतं. ज्याला मी चार मार्क दिले त्याच व्हायलमधला माल मी कोणालाही टोचू देणार नाही.

अमेरिकेच्या औषध खात्याने, एफडीएने, २०२३ मध्ये ह्या दोघांनाही, बीपीसी-१५७ आणि सेमॅक्स, औषध दुकानांनी स्वतः मिसळून द्यायच्या पदार्थांमधल्या सुरक्षिततेची चिंता असलेल्या गटात टाकलं होतं. बीपीसीबद्दल त्यांनी दिलेली कारणं म्हणजे शरीराची प्रतिकारशक्ती उलटण्याचा धोका, पेप्टाइडमधल्या अशुद्धी, आणि माणसांवरच्या माहितीचा अभाव. मी वर जे रडगाणं गायलं तेच, सरकारी भाषेत. शिवाय वाडाने, म्हणजे खेळातल्या डोपिंगविरोधी जागतिक संस्थेने, २०२२ पासून बीपीसी-१५७ चं नाव घेऊन बंदी घातलीय, मान्यता नसलेल्या पदार्थांच्या गटात, स्पर्धेत आणि स्पर्धेबाहेर, कायम. जी मुलं राज्य-राष्ट्रीय पातळीवर कबड्डी, कुस्ती, ॲथलेटिक्स खेळतात त्यांनी तर ह्या नावाच्या जवळसुद्धा जाऊ नये, जिममधला दादा काहीही म्हणो.

बीपीसीबद्दल अजून एक प्रश्न मला बोचतो. जखम भरायला नवीन रक्तवाहिन्या लागतात आणि उंदरांत हे पेप्टाइड त्या वाढवतं, रक्तवाहिन्या वाढायचा निरोप देणाऱ्या व्हीईजीएफ ह्या प्रोटीनचा रिसेप्टर जागा करून, असं दिसलंय. तेच काम वाढणाऱ्या गाठीलाही हवं असतं. ह्याने कॅन्सर होतो असं कोणीही दाखवलेलं नाही आणि मी तसं म्हणतही नाही. पण लांबवर घेतलं तर काय, हे बघायला ज्या चाचण्या लागतात त्या झालेल्याच नाहीत. आणि २०२२ मध्ये उंदीर आणि बीगल कुत्र्यांवर मोजलं तेव्हा रक्तातून ते अर्ध्या तासाच्या आत निम्मं होत होतं, मग टाचेपर्यंत किती पोचतं, किती वेळ राहतं, सुई टाचेजवळ टोचली की फरक पडतो का, ज्यावर जिममध्ये लोक इतक्या खात्रीने बोलतात, त्याचं माणसातलं उत्तर कोणाकडेच नाही.

भाच्याला मी स्पोर्ट्स फिजिओकडे पाठवलं. पायरीच्या कडेवर उभं राहून टाच हळूहळू खाली सोडायचा व्यायाम, वजन वाढवत न्यायचं, बारा आठवडे, आणि धावणं पूर्ण बंद नाही पण कमी. ह्या व्यायामावर माणसांवर झालेल्या चाचण्या आहेत, १९९८ मध्ये स्वीडनच्या आल्फ्रेडसन ह्यांनी केलेलं काम तर धावणाऱ्यांवरचंच. त्याला ते कंटाळवाणं वाटतं, मला रोज मेसेज करून कुरकुरतो, पण करतोय. बाटली त्याने परत केली, पैसे अर्धेच मिळाले. काकूंना मी सेमॅक्सची सगळी माहिती एका कागदावर मराठीत लिहून दिली आणि म्हटलं पुढच्या वेळी न्यूरोलॉजिस्टना दाखवा, त्यांना विचारा, लपवून काही आणू नका. डॉक्टरांनी थेंब नको सांगितले आणि स्पीच थेरपीची वेळ वाढवून दिली, आता काका नातवंडांची नावं पुन्हा म्हणायला शिकतायत, 'श्रावणी' म्हणताना अजून अडखळतात.

लॅबसाठी कोणाला ही दोन मागवायची असतील तर माझा अनुभव एवढाच: बीपीसी घेताना प्रोलिन गळलेल्या साखळीचा आकडा वेगळा मागा आणि क्रोमॅटोग्राम, म्हणजे एचपीएलसीचा आलेख, २१४ किंवा २२० नॅनोमीटरचाच घ्या. सेमॅक्स घेताना ॲसिटेट सॉल्ट, नेट कंटेंट लिहून, एक-एक मिलिग्रॅमच्या व्हायल आणि आत नायट्रोजन भरलेला मागा. एकच मोठी बाटली स्वस्त पडते पण दुसऱ्यांदा उघडली की ऑक्सिडेशनचा तो १६ वाला पीक आलाच म्हणून समजा. आम्ही पुढची ऑर्डर अशीच टाकलीय, त्याच सप्लायरला ज्याने न मागता आकडे दिले होते, दर जरा जास्त आहे पण मेलला उत्तर त्याच दिवशी येतं.